उजवी बाजू भिंतीला: पक्षाघाताच्या रुग्णाला घरात उठवण्या-बसवण्याचं एक प्रकरण

रुग्ण पुरुष, वय ७१, रेल्वेतून निवृत्त. उंची ५ फूट ७ इंच, वजन ७६ किलो. रक्तदाब आणि मधुमेह जुनेच. मेंदूच्या उजव्या भागात गुठळी अडकून डावं अंग लुळं पडलं. रुग्णालयातून घरी आल्यावर दीडेक महिन्याने मला बोलावणं आलं, तेही त्यांच्यासाठी नव्हे. त्यांच्या पत्नीची, म्हणजे काकूंची, कंबर धरली होती आणि घरी येऊन शेक देता का, अशी विचारणा होती.

काकू ६६ वर्षांच्या, वजन ५२ किलो. घर डोंबिवली पूर्वेला, वन बीएचके, दुसरा मजला, लिफ्ट नाही. मुलगा पुण्यात नोकरीला, शनिवार-रविवार येतो. सकाळी आठ ते रात्री आठ ब्युरोकडून आलेल्या मावशी. रात्री काकू एकट्या.

मी म्हटलं, शेक नंतर बघू, आधी काकांना पलंगावरून खुर्चीत कसं बसवता ते दाखवा. काकू समोर उभ्या राहिल्या आणि काकांना म्हणाल्या, "अहो, गळ्यात हात टाका." काकांनी उजवा हात टाकला, लोंबकळणारा डावा हात काकूंनी स्वतःच उचलून खांद्यावर ठेवला. मावशी गुडघ्यावर पलंगावर चढल्या आणि मागून दोन्ही काखांत हात घातले. "एक, दोन, तीन" झालं. मावशींनी तीनच्या ठोक्यावर उचललं, काकूंनी तीन म्हणून झाल्यावर. मधल्या क्षणात काका डावीकडे कलंडले, मावशींनी त्यांना काखेतून आवळून धरलं, लुंगी चाकात अडकली आणि शेवटी ते खुर्चीत जवळजवळ टाकले गेले. मंगळसूत्र याच प्रकारात एकदा तुटलं होतं. दिवसातून हे पाच-सहा वेळा चालायचं.

काकूंच्या कंबरेचं कारण इथेच होतं. काकांचा डावा खांदा दुखत होता आणि माकडहाडावरची कातडी लाल झाली होती, तीही याच उचलाउचलीमुळे.

वजनाचं गणित

घरच्यांना वाटतं, दोघी मिळून उचललं की वजन निम्मं होतं. तसं होत नाही. माणसाचा एक पाय त्याच्या एकूण वजनाच्या साधारण सोळा टक्के भरतो, म्हणजे काकांचा नुसता एक पाय बारा किलोचा. डोकं, हात आणि धड मिळून दोन तृतीयांश, पन्नास किलोच्या वर. काखेत हात घालणारीच्या वाट्याला हे पन्नास किलो येतात, तेही पुढे वाकून आणि अंगापासून लांब. तांदळाचं पन्नास किलोचं पोतं निदान छातीशी घट्ट धरता येतं, ते घाबरून आपल्या गळ्याला मिठी मारत नाही.

अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षेच्या संशोधन संस्थेतल्या थॉमस वॉटर्स यांनी २००७ मध्ये रुग्ण हाताने उचलण्यासाठी ३५ पौंडांची, म्हणजे सुमारे १६ किलोंची मर्यादा सुचवली. तीही रुग्ण सहकार्य करणारा असेल, ओझं अंगाजवळ असेल आणि पाठ पिळली जात नसेल तर. प्रशिक्षित परिचारिकांसाठी ही मर्यादा, मग पासष्टी ओलांडलेल्या काकूंसाठी किती? कंबरेला बांधायचा पट्टा काकूंनी घेतला होता. तो बांधला की जोर येतो, असं त्या म्हणायच्या. त्या पट्ट्याने मणका वाचत नाही, उलट जास्त उचलायची हिंमत येते. मी तो कपाटात ठेवायला लावला.

तेव्हा या घरापुरता माझा हेतू चांगलं उचलायला शिकवण्याचा नव्हताच. उचलणं शक्य तितकं बंद करायचं, काकांच्या शाबूत उजव्या अंगाला त्यांच्या वाटचं काम करू द्यायचं, आणि उरलेलं सरकवून भागवायचं.

तपासणीत काय दिसलं

उजवा हात-पाय पूर्ण ताकदीचा. डावा हात निर्जीव, खांद्याचा सांधा एक बोट मावेल इतका खाली उतरलेला. डाव्या पायात थोडा जोर, बसल्या जागी गुडघा अर्धवट सरळ होत होता. उजव्या हाताने गादीचा काठ धरला तर बसता येत होतं, लक्ष विचलित झालं की डावीकडे कलत.

काका स्पष्ट बोलत. उजव्या मेंदूच्या आघातात भाषा बहुधा शाबूत राहते आणि घरचे तिथेच फसतात. इतकं नीट बोलतात म्हणजे त्यांना सगळं कळतं, असं धरून चालतात. प्रत्यक्षात काकांना डावी बाजूच जाणवत नव्हती. काकू म्हणाल्या, "हल्ली यांना चटणी-कोशिंबीर नकोच असते, भाजी-आमटी तेवढी संपवतात." मी ताट बघितलं. डावीकडे वाढलेलं सगळं तसंच होतं. त्यांच्या लेखी ताटाला डावी बाजू नव्हतीच, आणि तोच हिशेब डाव्या पायाला, खुर्चीच्या डाव्या ब्रेकला. भरीला आघाताने आलेला उतावळेपणा. "मी उठतो" म्हणत ते खरोखरच उठायला जायचे. अशा रुग्णाला कसं उठायचं हे तोंडी समजावून भागत नाही, दरवेळी त्याच क्रमाने, त्याच शब्दांत करून घ्यावं लागतं.

रक्तदाब झोपून १३८/८४. काठावर बसवल्यावर दुसऱ्या मिनिटाला ११२/७०, आणि काका म्हणाले, डोळ्यांपुढे अंधारी येते. उठल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ती दखल घेण्याजोगी गोष्ट असते. इतके दिवस "सकाळी अंगात जोरच नसतो" असं जे म्हटलं जायचं ते हे होतं. गोळ्यांना हात लावणं माझं काम नाही. आकडे लिहून त्यांच्या डॉक्टरांना पाठवले, त्यांनी सकाळची एक गोळी रात्रीवर टाकली. आमच्या बाजूने नियम केला: आडवं असतानाच घोटे दहा-वीस वेळा वरखाली करायचे, मग काठावर बसून निदान दोन-तीन मिनिटं गप्पा मारायच्या, अंधारी आली तर परत आडवं. घाईने उभं करायचं नाही, दाराशी दूधवाला आला असला तरी.

पलंग

घरातली सगळ्यात मोठी अडचण ताकदीची नव्हती. दिवाण पूर्वेच्या भिंतीला लावलेला होता, उशी दक्षिणेला. उताणं झोपल्यावर काकांची उजवी, म्हणजे चांगली बाजू भिंतीकडे जायची आणि मोकळी बाजू डावी. उठताना त्यांना लुळ्या खांद्यावर वळावं लागे, लुळ्या कोपरावर भार द्यावा लागे आणि खुर्चीही लुळ्याच बाजूला येई. चांगला हात भिंत चाचपत राही. माणूस आपल्या सशक्त बाजूने पुढे सरकला तर निम्मं काम स्वतः करतो. इथे पलंगाच्या जागेनेच त्यांना शंभर टक्के परावलंबी करून ठेवलं होतं.

सोपा उपाय म्हणजे उशी उत्तरेला करून झोपवणं. मी ते बोलून दाखवताच काकूंचा चेहरा बदलला. "उत्तरेला डोकं? आणि दक्षिणेकडे पाय? ते मेल्यावर. माझ्या घरात नाही." मावशींनीही मान हलवली. यावर वाद घालणाऱ्या थेरपिस्टचं त्या घरात पुढे कुणी ऐकत नाही, आणि वादाची गरजही नव्हती. उशी दक्षिणेलाच ठेवून दिवाण समोरच्या, पश्चिमेच्या भिंतीला नेला की उजवी बाजू आपोआप मोकळी होत होती. तिथे लोखंडी कपाट होतं. रविवारी मुलाने आणि इमारतीतल्या दोन पोरांनी कपाट रिकामं केलं, दिवाणाच्या पेटीतली भांडी आणि गोधड्या काढल्या, दोन्हींची अदलाबदल केली. दुपारपर्यंत आटोपलं.

एक फायदा अनायासे झाला. खोलीचं दार उत्तरेला, पायथ्याशी. काकांना बाहेर काढताना चाकाची रिकामी खुर्ची आधी उशाकडे नेऊन तिचं तोंड दाराकडे करायचं. ते उजवीकडे सरकून बसले की सरळ बाहेर. परत येताना खुर्ची दारातून सरळ आत येते, तोंड उशाकडे, म्हणजे पलंग पुन्हा त्यांच्या उजव्या हाताला. जाताना आणि येताना दोन्ही वेळा चांगली बाजू पुढे. चाकाची खुर्ची जागच्या जागी फिरवायला साधारण पाच फूट मोकळी जागा लागते. ती या खोलीत नव्हती आणि आता लागतही नव्हती.

मुलाने रुग्ण उचलण्याचं हायड्रॉलिक यंत्र बघून ठेवलं होतं. मी थांबवलं. त्या यंत्राचे पाय पलंगाखाली जावे लागतात आणि पेटीच्या दिवाणाखाली काहीच जात नाही. विकत घेऊन ते कोपऱ्यात कपडे वाळत घालायला वापरलं जातं, हे मी पाहिलं आहे. रुग्णाला बसताच येत नसेल, एकाही पायावर भार पेलत नसेल, तर मात्र यंत्राला पर्याय नाही. तेव्हा आधी दिवाण बदलायचा.

उंची, कपडे, सामान

गुडघ्यामागच्या खळीपासून जमिनीपर्यंत काकांचं माप साडेसतरा इंच. गादी दबल्यावर दिवाण साडेपंधरा. इतक्या खालून उठायला निरोगी माणसालाही जोर लागतो. सुताराने पेटीखाली चारही बाजूंनी तीन इंचांची लाकडी चौकट बसवली. उंची साडेअठरा झाली, तळवे पूर्ण टेकत होते. याहून उंच केलं असतं तर पाय लोंबकळले असते आणि ते पुढे घसरले असते. विटा लावायचा विचार झाला होता, पण विटांवरचा पलंग सरकतो.

ऑनलाइन मागवलेल्या खुर्चीचे हात पक्के होते. बाजूने सरकून बसायचं तर त्या बाजूचा हात निघायला हवा, पायपट्ट्या बाजूला वळायला हव्यात. अनामत ठेवून रुग्णोपयोगी साहित्य देणारी एखादी संस्था आपल्याकडे बहुतेक शहरांत असते, तिथून तशी खुर्ची मिळाली. (कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना केंद्राच्या २०१७ पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून खुर्ची मिळू शकते. निवृत्तिवेतनामुळे काका त्यात बसत नव्हते.)

लुंगी बंद, नाडीची अर्धी विजार सुरू. मोजे घालून फरशीवर उभं करणं बंद, मागे पट्टा असलेली रबरी तळाची सँडल सुरू, पलंगावर बसल्या बसल्याच घालायची. काकूंनी निऱ्या वर खोचायच्या किंवा तेवढ्यापुरता गाऊन. मंगळसूत्र आत. बांगड्यांनी काकांच्या हातावर ओरखडे उठत होते, त्या काकूंनी आपणहून कमी केल्या.

धरायला पट्टा हवा होता. कमरेला बांधून दोन्ही बाजूंनी पकडता येणारा पट्टा सर्जिकलच्या दुकानात मिळतो. काकूंनी खाटेची जुनी नवार काढली आणि बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडून तिला मजबूत बक्कल शिवून घेतलं. मी ओढून, ताणून पाहिला, उत्तम होता. बरगड्यांच्या खाली, कपड्यांवरून, दोन बोटं जातील इतका घट्ट. पोटाचं ताजं ऑपरेशन किंवा पोटातून नळी असेल तर हा पट्टा चालत नाही. पट्ट्याने माणूस वर उचलायचा नसतो, त्याला दिशा द्यायची आणि तोल सावरायचा.

सरकायची फळी सुतारानेच केली: १८ मिलिमीटरचं प्लायवूड, ३० इंच लांब, ९ इंच रुंद, कडा गोल, पॉलिश गुळगुळीत. फळीवर उघडी कातडी कधी टेकवायची नाही, ती चिकटते आणि सोलली जाते. पलंगावर वर-खाली किंवा कुशीवर सरकवायला जुनी सिंथेटिक साडी दुहेरी घडी करून अंगाखाली घातली. दोन थर एकमेकांवर घसरतात आणि माणूस न घासता सरकतो. माकडहाडावरची लाली चादरीवरून ओढल्याने आली होती, ती या साडीने गेली. काम झालं की साडी लगेच काढायची, नाहीतर त्याच साडीवरून माणूस पलंगाखाली जाईल.

शिकवणं

सुरुवात मी काकूंपासून केली. त्यांचा डावा हात ओढणीने अंगाशी बांधला, डाव्या पायावर भार द्यायचा नाही असं बजावलं आणि मावशींना त्यांच्या जुन्या पद्धतीने उचलायला सांगितलं. काकू अर्ध्यातच "अगं बाई, सोड" म्हणाल्या. काखेत काय होतं हे नंतर समजावून सांगावं लागलं नाही. पक्षाघातात खांद्याभोवतीचे स्नायू सैल असतात. हात ओढला किंवा काखेतून उचललं की सांधा आणखी उतरतो, आणि तो दुखायला लागला की व्यायामच बंद पडतो. डाव्या हाताला धरून ओढायचं नाही, हा नियम भेटायला येणाऱ्या नातेवाइकांनाही लागू केला. ते प्रेमाने नेमका तोच हात धरतात.

मग "एक, दोन, तीन" रद्द केलं. काकू विचारणार "तयार?" काकांनी "हो" म्हटलं की "उठा". उठा म्हटल्यावरच हालचाल, आधी नाही. आणि शब्द एकाच व्यक्तीने द्यायचा.

झोपेतून बसतं होताना काका उजव्या हाताने डावं मनगट धरतात, दोन्ही गुडघे वर घेतात (डावा मावशी घेऊन देतात), उजव्या कुशीवर वळतात. पाय पलंगाखाली सोडले की त्यांच्या वजनाने धड वर यायला मदत होते आणि उजव्या कोपराने रेटून ते बसतात. मावशींचा एक हात डाव्या खांद्याच्या फऱ्यामागे, दुसरा कमरेच्या हाडावर. पहिल्या आठवड्यात यात मावशींचा बराच जोर लागत होता, नंतर फक्त हात ठेवावा लागे.

काठावर बसल्यावर पहिला प्रश्न, "डावा पाय कुठे आहे?" काकांनी बघून सांगायचं. कित्येकदा तो पलंगाखाली दुमडलेला किंवा अंगठ्यावर उभा असायचा. तशा पायावर वळलं तर घोटा मुरगळतो. दोन्ही तळवे सपाट आणि गुडघ्यांच्या किंचित मागे. पाय पुढे पसरलेले असतील तर कितीही जोर लावला तरी माणूस उठत नाही. घरोघरी "अंगच देत नाहीत" अशी जी तक्रार असते ती पुष्कळदा पायांच्या या जागेची असते. पुढचं म्हणजे वाकणं. घाबरलेला माणूस मागे रेलतो आणि आपण त्याला समोरून वर ओढतो. मी समोर एक स्टूल ठेवलं आणि काकांना बोटं एकमेकांत गुंफून दोन्ही हात त्यावर टेकवायला सांगितले. डोकं पुढे गेलं की ढुंगण हलकं होतं, आपोआप.

सुरुवातीला पूर्ण उभं करून वळवायचं नाही असं ठरवलं. खुर्ची उजव्या हाताला तिरकी, ब्रेक लावलेले, आतल्या बाजूचा हात काढलेला, मध्ये फळी. काका उजवा हात खुर्चीच्या लांबच्या कडेवर टेकवून पुढे वाकतात आणि इंच-इंच सरकतात, तीन-चार टप्प्यांत. काकू समोर बसक्या पवित्र्यात, एक पाय पुढे एक मागे, स्वतःच्या गुडघ्याने काकांचा डावा गुडघा बाहेरून रोखून, हात पट्ट्यावर. वजन मागच्या पायावर घेतलं की काका पुढे येतात, हाताने ओढावं लागत नाही. आणि वळायचं ते पावलांनी, कंबर पिळायची नाही. हे शेवटचं काकूंना सगळ्यात अवघड गेलं. चाळीस वर्षं ओट्यापाशी उभं राहून कंबरेतूनच वळायची सवय.

गळ्यात हात टाकायला पूर्ण मनाई. काकांचा पाय गेला तर त्यांच्यासह काकूंची मान जाईल. काकांना ही मनाई आवडली नाही. आधार सुटल्यासारखं वाटायचं. त्यांना उजव्या हाताला धरायला खुर्चीची कड दिली तेव्हा कुठे भीती कमी झाली.

पडणं

शिकवणं सुरू होऊन महिना होत आला असताना एका संध्याकाळी खुर्चीतून पलंगावर येताना खुर्ची मागे सरकली आणि मध्ये फट पडली. काकूंनी त्या दिवशी जे केलं ते मला फार आवडलं. त्यांनी काकांना वर धरून ठेवायचा प्रयत्न केला नाही. पट्टा धरून, स्वतःच्या मांडीवरून घसरू देत, त्यांना जमिनीवर बसवलं. पडणारा ७६ किलोचा माणूस थांबवता येत नाही, फक्त सावकाश खाली आणता येतो.

आवाज ऐकून शेजारची माणसं धावत आली आणि दोघांनी लगेच दोन हात धरले. काकू त्यांच्यावर ओरडल्या, "अजून हात लावू नका." डोकं आपटलंय का, मांडीच्या सांध्यात दुखतंय का, एखादा पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतो का, हे आधी बघायचं ठरलेलं होतं. काका रक्त पातळ ठेवण्याच्या गोळीवर होते. डोक्याला मार असता तर ठणठणीत दिसले तरी १०८ बोलावून रुग्णालय, अशी सूचना भिंतीवर लिहिलेली होती. काही नव्हतं. मग घाई न करता त्यांना टप्प्याटप्प्याने वर आणलं: पाठ पलंगाला टेकवून बसवलं, दोघांनी दोन बाजूंनी पट्टा धरला, तिसऱ्याने डावा पाय सांभाळला. आधी पाटावर, पाटावरून बुटक्या स्टुलावर, स्टुलावरून दिवाणावर. प्रत्येक टप्प्याला काकांच्या उजव्या पायाने जोर लावला. अर्धा तास लागला.

ब्रेक दोन्ही लावलेले होते. दुसऱ्या दिवशी मी चाकं दाबून बघितली, डाव्या टायरमध्ये हवा जवळपास नव्हती. हवेच्या टायरची खुर्ची असेल तर ब्रेकची पट्टी टायरवर दाबून बसते, टायर मऊ असला की पट्टी लागल्यासारखी दिसते पण धरत नाही. सायकलवाल्याकडून हवा भरून आणली आणि दर शनिवारी टायर दाबून बघायचं काम मुलाकडे गेलं. डाव्या ब्रेकच्या दांड्याला लाल चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे काकांची नजर तिकडे जाईल. आता तो ब्रेक ते स्वतः लावतात, उजवा हात पलीकडे नेऊन.

शौचालय

इथे आमची हार-जीत बरोबरीत सुटली. शौचालय भारतीय पद्धतीचं, भांडं एक पायरी वर. तिथे खुर्ची नेणं अशक्य. न्हाणीघराचं दार २६ इंच, चाकाची खुर्ची साडेपंचवीस. जाईल असं कागदावर वाटतं, प्रत्यक्षात बोटं सोलवटतात. कमोडची छोट्या चाकांची खुर्ची २१ इंचांची मिळाली. दोन इंचांच्या उंबऱ्याला चोवीस इंचांचा लाकडी उतार केला (एकास बारा या प्रमाणाने तेवढाच लागतो) आणि आंघोळ न्हाणीघरात होऊ लागली. शौच मात्र खोलीतच, त्याच खुर्चीत भांडं लावून.

काकांनी ते आठवडाभर नाकारलं. बायकोने भांडं काढायचं, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. मग ते थांबवून धरायचे आणि शेवटच्या क्षणी धडपडत उठायला बघायचे. घरातली पडझड या वेळेलाच जास्त होते. समजुतीपेक्षा वेळापत्रक कामाला आलं. सकाळच्या चहानंतर वीस मिनिटांनी, मावशी आल्यावर, गरज वाटो न वाटो, खुर्चीत बसायचं. खोलीला पडदा लावला, रेडिओ सुरू ठेवला, देव्हारा काकूंनी स्वयंपाकघरात नेला. रात्रीसाठी उशाशी उजव्या हाताला युरिन पॉट. रात्री काकूंनी एकट्याने काकांना पलंगाबाहेर काढायचं नाही, हे मुलासमोर ठरवून घेतलं, कारण माझ्यासमोर त्या हो म्हणाल्या असत्या आणि केलं असतं मनाचंच.

आता

तीन महिन्यांनी काका फळीशिवाय, अर्धवट उभं राहून, एका माणसाच्या मदतीने खुर्चीत येतात. खांद्याचं दुखणं रात्रीपुरतं उरलंय. कातडी साफ आहे. कोशिंबीर ते सांगितल्यावर खातात. काकूंची कंबर पूर्ण बरी नाही. सकाळी ताठलेली असते, पण उचलण्याचा भार गेल्यापासून धरत नाही. मधे ब्युरोने मावशी बदलल्या. नव्या मावशी पहिल्याच दिवशी काखेत हात घालायला गेल्या, तेव्हा काकूंनी ओढणी आणून त्यांचा डावा हात बांधला.

जिना सुटलेला नाही. न्यूरोलॉजिस्टकडे न्यायचं म्हणजे चार जणांनी खुर्ची उचलून दोन मजले उतरवायचे, आणि पहिल्यांदा ते प्लास्टिकच्या खुर्चीतून झालं होतं, मी भेटण्याआधी. तिचे पाय वजनाने फाकतात. आता रुग्णवाहिकेवाल्यांना आधीच सांगून जिन्याची पट्टेवाली खुर्ची आणि दोन माणसं मागवतात, डावा हात पट्ट्याच्या आत मांडीवर बांधून घेतात. रक्ताचे नमुने घरून जातात, एक आड एक तपासणी डॉक्टर व्हिडिओवर करतात. मुलाचं म्हणणं, पुण्यात तळमजल्यावर जागा घेऊ. काकूंची ना आहे. काकांना विचारलं तर म्हणतात, आधी मला जिन्याच्या दोन पायऱ्या चढून दाखवू दे. त्यावर सध्या काम चालू आहे, उजव्या हाताला कठडा असलेल्या बाजूने, आणि दोन पायऱ्याच.